आळंबीच्या बंद खोलीत हवेच्या झडपेचे नियमन

मुंबईच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे मोकळ्या जागेत नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. जनावरांना मोकळी हवा देता येते. परंतु अंधेरी, मुलुंड वा बोरिवलीस बंद खोलीत धिंगरी आळंबी घेणाऱ्या उत्पादकास हवा मोजूनच आत घ्यावी लागते. हे काम पंख्यापुढील झडप करते.

हवेचे प्रमाण

आळंबी प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. बाहेरील हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. फळधारणेच्या वेळी खोलीत तो १,००० भागांच्या आत ठेवावा. तो वाढल्यास देठ लांबतात व छत्र्या लहान राहतात. उलट, हिवाळ्यातील कोरड्या दुपारी झडप जास्त उघडी राहिल्यास ८० ते ९० टक्के आर्द्रता टिकत नाही व कोवळे अंकुर सुकतात. दोन्ही प्रकारे पीक हातचे जाते.

झडप हेलकावे का घेते?

झडप उघडल्याचा परिणाम मापकापर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. उतावळा नियंत्रक तोवर ती अधिकच उघडतो. मग वायू फार उतरला म्हणून पूर्ण मिटतो. हा दोष बहुधा यंत्राचा नसून घाईचा असतो.

जुळणीची रीत

१. झडप हाताने उघडून-मिटून पाते अडकत नाही व सांधा ढिला नाही, याची खात्री करावी. मापक दारापासून व पंख्याच्या झोतापासून दूर, पिशव्यांच्या उंचीवर टांगावा.

२. स्वयंचलन बंद करून झडप नेहमीच्या स्थितीपेक्षा दहा टक्के अधिक उघडावी. वायू उतरू लागेपर्यंतचा विलंब घड्याळ लावून वहीत नोंदवावा.

३. स्वयंचलन पुन्हा सुरू करून, ‘आय’ व ‘डी’ बंद ठेवून, ‘पी’ हा प्रमाण-गुणक थोडा थोडा वाढवावा. झडप सतत हेलकावू लागताच तो निम्म्याहून किंचित खाली आणावा.

४. उरलेला फरक ‘आय’ भरून काढतो. त्याचा काळ नोंदविलेल्या विलंबाच्या तिपटीहून अधिक ठेवावा.

५. ‘डी’ शून्यच ठेवावा. तो मापकाच्या बारीक थरथरीलाही झडप हलवितो.

झडप गरजेपेक्षा मोठी असल्यास पाते थोडे उघडताच बहुतेक हवा आत येते. अशा वेळी तिच्या उघडण्यावर कमाल मर्यादा घालावी. पिशव्यांची संख्या बदलली वा पंख्याची जाळी धुळीने भरली, की ही जुळणी बिघडते. म्हणून जाळी नियमित धुवावी व प्रत्येक नव्या लागवडीच्या वेळी विलंब पुन्हा मोजावा. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलसर असते. तेव्हा आळंबीवर पाणी साचून डाग पडणार नाहीत, इतपत हवा खेळती ठेवावी.

झडप थोडी हलवावी व परिणामाची वाट पाहावी, एवढे पथ्य पाळल्यास खोली स्थिर राहते आणि बहर एकसारखा येतो.