जावेला सोसलं नाही, म्हणून मलाही नको?

जावेला तांबी सोसली नाही म्हणून मलाही सोसणार नाही. मैत्रिणीला गोळ्यांचा त्रास झाला म्हणून गोळ्या वाईटच. पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दलचे बहुतेक गैरसमज असे एकीच्या अनुभवावरून सगळ्यांसाठी ठरून जातात. प्रत्येक साधनाचं काम वेगळं, म्हणून त्रासही वेगळा, आणि तो कुणाला होण्याची शक्यता जास्त आहे हे बऱ्याचदा आधीच ओळखता येतं. त्यामुळे सर्वांत चांगलं साधन शोधण्यापेक्षा आपल्या तब्येतीला आणि बेताला जुळणारं साधन निवडणं शहाणपणाचं.

तांबी बसवली की पुढे मूल होत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तांबीतलं तांबं शुक्राणूंना निकामी करतं. त्यात संप्रेरकं नसतात आणि ती काढली की लगेच दिवस राहू शकतात. त्रास आहे तो वेगळा: पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं, ओटीपोटात दुखू शकतं. म्हणून जिला मुळातच जास्त जातं आणि जिचं रक्त कमी आहे, तिने आधी दुसऱ्या साधनाचा विचार करावा. संयुक्त संप्रेरकांच्या रोजच्या गोळ्यांनी रक्तस्राव उलट कमी होतो. पण याच गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो. उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे काजवे चमकून उठणारी अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर त्या टाळाव्यात. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईलाही त्या सहसा देत नाहीत. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनमुळे गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही अनेकींना कुणी सांगितलेलं नसतं.

‘अंतरा’ या तिमाही इंजेक्शनाने पाळी थांबली की घाण आत साठते, ही भीती निराधार आहे. गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं. साठायला काही उरत नाही. मात्र इंजेक्शनं थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लवकरच मूल हवं असणारीने ते घेऊ नये. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी मात्र लांबू शकते.

एवढा विचार करण्यापेक्षा बाईचं ऑपरेशन बरं, असं कुणी म्हणेल. कुटुंब पूर्ण झालेल्या जोडप्याला शस्त्रक्रिया योग्यच आहे. पण ती कायमची असते, आणि ती बाईचीच का? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के होतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते. शुक्राणूंची वाट तेवढी बंद होते. पुरुषी संप्रेरक रक्तात पूर्वीसारखंच राहतं, त्यामुळे ताकद कमी होत नाही. तीन महिने कंडोम वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते, एवढंच पथ्य. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासूनही वाचायचं असेल, तर कोणत्याही साधनासोबत कंडोम हवाच.

डॉक्टरांना सगळं कळतं, आपण काय बोलणार, असा संकोच इथे नडतो. औषध डॉक्टरांना ठाऊक असतं; पाळीत किती जातं, डोकं कसं दुखतं, पुढचं मूल कधी हवं, हे आपणच सांगायचं असतं. रक्तदाब मोजून घ्यावा, चालू औषधं दाखवावीत, आणि निवडलेलं साधन सोसलं नाही तर ते बदलून मागावं. तो प्रत्येकीचा हक्क आहे.