विश्लेषण : वीतभर पाण्यातून बोट धावते कशी? ‘जेट ड्राइव्ह’ मोटरचे फायदे आणि मर्यादा काय?

उथळ नदीत मोटरबोट चालवणाऱ्याचा जीव कायम पंख्यात अडकलेला असतो. पाण्याखालचा एक दगड लागला की पाते वाकते, पिन तुटते आणि बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते. न्यूझीलंड, अलास्का आणि अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या नद्यांवर यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे पंखाच काढून टाकायचा आणि त्या जागी पंप बसवायचा. आपल्याकडे दर पावसाळ्यात पूर आला की बचाव पथकांकडे कोणत्या बोटी असाव्यात, ही चर्चा होते आणि त्यात ‘जेट’ हा शब्दही येतो. ही यंत्रणा नेमकी काय करते आणि काय करू शकत नाही, हे म्हणूनच पाहायला हवे.

जेट ड्राइव्ह म्हणजे काय?

आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन. त्याचा उभा दांडा खाली पाण्यात जातो आणि तिथल्या गिअरमधून पंखा फिरतो. हा खालचा भाग बोटीच्या तळापासून साधारण एक ते दीड फूट खाली लोंबतो. जेट ड्राइव्हमध्ये तो काढून त्याच इंजिनाला पंप जोडतात. उभ्या दांड्यावर थेट इम्पेलर बसतो, तोंडावरच्या जाळीतून पाणी वर ओढतो आणि मागच्या नळीतून जोराने फेकतो. पाणी मागे जाते, बोट पुढे. शेतातल्या विहिरीवरचा पंप ज्यांनी उघडून पाहिला आहे, त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही.

महत्त्वाचे म्हणजे पंपाचे तोंड बोटीच्या तळाशी जवळपास समपातळीवर असते. त्यामुळे तळाखाली लोंबणारे काही फारसे उरत नाही. बोट वेगात आली, तिचा पुढचा भाग उचलला गेला आणि ती पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागली, की तिला वीतभर पाणीही पुरते.

पण हे वाक्य अर्धवट लक्षात ठेवणारेच नदीत अडकतात. वीतभर पाणी पुरते ते बोट पळत असताना. वेग कमी केला की बोट पुन्हा पाण्यात बसते आणि तिला कितीतरी जास्त खोली लागते. उथळ जागी थांबलेली जेट बोट तिथून निघताना आधी तळाची वाळू आणि खडेच ओढते. म्हणून अनुभवी चालक थांबण्याची जागा आधी हेरतात आणि उथळ पट्टा न थांबता पार करतात.

ही कल्पना आली कुठून?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक येथे मेंढपाळीचा मोठा मळा असलेले बिल हॅमिल्टन हे हाडाचे अभियंता. तिथल्या नद्या अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या, उथळ आणि खडकाळ. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका अमेरिकी जलजेटची रचना घेऊन प्रयोग सुरू केले. त्या रचनेत पाण्याचा झोत बोटीखाली सोडला जाई. हॅमिल्टन यांनी झोताचे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणले आणि वेग एकदम वाढला. १९६०मध्ये त्यांच्या जेट बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. तोवर हे कोणालाच जमले नव्हते.

भारताचा संबंध येतो १९७७मध्ये. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत पोहोचले. अर्थात, या बोटींत पंप आतल्या इंजिनाला जोडलेला होता. आउटबोर्ड जेट हे त्याच कल्पनेचे स्वस्त, काढता-घालता येणारे रूप.

मग सगळेच जेट का वापरत नाहीत?

कारण ताकद वाया जाते. कंपन्यांची नावेच हे सांगतात. यामाहाच्या ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पंप लावला की ते ‘८०’चे जेट म्हणून विकले जाते, तर ९०चे इंजिन ‘६५’चे होते. म्हणजे जवळपास ३० टक्के घट. पंखा भरपूर पाणी सावकाश ढकलतो, पंप थोडे पाणी फार वेगाने फेकतो. झोताचा वेग दुप्पट केला तर त्यात जाणारी ऊर्जा चौपट होते, म्हणून कमी वेगात पंप फार उधळा ठरतो. त्यातच आउटबोर्ड जेटमध्ये पाणी वर ओढून पुन्हा मागे वळवावे लागते, त्यातही काही ऊर्जा जाते. तेवढेच अंतर कापायला इंधन जास्त लागते.

दुसरी अडचण वजनाची. जेट बोटीचा सारा फायदा ती पृष्ठभागावर उचलली जाण्यात आहे. माणसे जास्त बसवली आणि बोट उचललीच गेली नाही, तर ती जड, सुस्त आणि तहानलेली बोट होते. बोटीचा तळही सपाट हवा. मध्ये उंच कणा असेल तर त्याच्या बाजूने हवेचे बुडबुडे पंपात शिरतात. पंपाने हवा धरली की इंजिन नुसते ओरडते आणि बोट जागची हलत नाही. पंप एखाद्या इंचाने वर-खाली बसला तरी हा फरक पडतो.

चालवणे वेगळे आहे का?

हो, आणि अपघाताच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा. जेट बोटीला सुकाणू नसते, झोताची दिशा बदलूनच ती वळते. समोर झाड किंवा खडक दिसला की नवखा माणूस सहजच गती सोडतो. गती सोडली की झोत संपतो, झोत संपला की वळणे संपते, आणि बोट सरळ त्याच खडकाकडे जाते. जेटमध्ये वळायचे असेल तर थोडी गती द्यावीच लागते. मागे जाण्यासाठी गिअर नसतो. झोतासमोर एक झडप येते आणि पाणी पुढे वळवते, तिचा जोर बेताचाच असतो.

पर्यावरणाचे काय?

जिथे पूर्वी मोटरबोट पोहोचत नव्हती, त्या उथळ पट्ट्यांत जेट पोहोचते. मासे अंडी घालतात ती जागा नेमकी हीच. बोट वरून जाताना पाण्याच्या दाबात होणाऱ्या बदलांमुळे सॅमनच्या अंड्यांना इजा होऊ शकते, हे न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९७५मध्येच मांडले होते. मिसुरीतील ओझार्क राष्ट्रीय नदी क्षेत्रात वाद झाला तो मोजमापाचा : मर्यादा ४० अश्वशक्तीची असेल, तर पंपामुळे ४०वर आलेले ६०चे इंजिन नेमके कितीचे धरायचे?

आपल्या पुरात ती चालेल?

पंप आच्छादलेला असल्याने पाण्यातल्या माणसाला पात्याची इजा होण्याचा धोका खूप कमी, हा बचावकार्यात मोठा गुण आहे. बुडालेले कुंपण, दुचाकी, रस्त्याचा दुभाजक यांवरून जातानाही जेट उजवी ठरते. पण कृष्णा-पंचगंगेच्या पुराचे पाणी अलास्कातल्या नदीसारखे नसते. त्यात उसाचा पाला, प्लास्टिक, कपडे, दोऱ्या आणि जलपर्णी असते. हे सगळे पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. मग इंजिन बंद करा, मोटर वर उचला, हाताने कचरा काढा आणि तोवर प्रवाह नेईल तिकडे जा. शिवाय बचावाची बोट परतताना नेहमीच भरलेली असते, म्हणजे जेटला सर्वात नकोशा स्थितीत. त्यामुळे गावागावांत सरसकट जेट देण्यापेक्षा नेहमीच्या मोटरच्या पंख्याभोवती संरक्षक जाळी बसवणे अनेक ठिकाणी जास्त व्यवहार्य ठरेल. त्यानेही थोडा वेग जातो, पण दुरुस्ती गावातल्या मेकॅनिकला जमते. जेट शोभेल ती दगड-गोट्यांच्या, स्वच्छ आणि वेगवान पाण्याच्या पहाडी नद्यांत.

आणि देखभाल?

वाळूमुळे इम्पेलरची धार बोथट होते, ती कानशीने पुन्हा लावावी लागते. इम्पेलर आणि भोवतीचे आवरण यांत मिलिमीटरपेक्षाही कमी फट हवी. ती वाढली की ओढ कमी होते आणि वॉशर इकडचे तिकडे करून इम्पेलर पुन्हा जागेवर बसवावा लागतो. बेअरिंगला साधारण दर दहा तासांनी ग्रीस द्यावे लागते. वर्षातले अकरा महिने गोदामात पडून राहणाऱ्या बोटीचा इम्पेलर, फट आणि बेअरिंग जूनच्या आधी कोण तपासणार, हे बोट घेतानाच ठरवावे लागेल.