निळी गिटार हिरवी कशी झाली?

एक निळीशार गिटार घ्या. वाजवा, पेटीत ठेवा, पुन्हा काढा, पुन्हा वाजवा. अशी चाळीस-पन्नास वर्षं जाऊ द्या. कुणी ब्रशही लावला नाही, तरी ती हिरवट दिसायला लागते! काही जुन्या गिटारींच्या बाबतीत हे खरंच घडतं.

कोडं सोडवायला नेरडीगोंड्याला चला. हे गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, कुंतला धबधब्याजवळचं. तिथे गिटारी बनत नाहीत. पण वाद्यांना चकाकी देणाऱ्या दोन गोष्टींचं मूळ त्या भागात बघायला मिळतं. शेतात कापूस आणि रानात पळस.

कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. सिनेमाची जुनी रिळं याचीच असायची, म्हणून तर ती भडकन पेटायची. 1920 च्या दशकात मोटारगाड्या रंगवायला याचं लॅकर आलं आणि गिटारवाल्यांनीही ते उचललं. रंगावर त्याचा पारदर्शक थर बसतो. पण उजेड आणि वय यांमुळे हा थर पिवळा पडतो. आता पिवळ्यातून निळं बघा. दिसलं ना हिरवं? पांढरी गिटार अशीच सायीच्या रंगाची होते. कडाक्याच्या थंडीतून गिटार एकदम उबेत आणली, तर लाकूड आणि थर सारखे फुगत नाहीत. मग वर बारीक चिरांचं जाळं उमटतं. काही हौशी लोक या चिरांसाठी जास्त पैसे मोजतात, बोला!

पळसाची गंमत तर मला जास्त आवडते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे इवलेसे किडे रस पीत बसतात आणि अंगातून राळ सोडतात. ती खरवडून, वितळवून, पातळ ताणून थंड केली की चपडा झाला. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. मिरजेचे तंबोरे याच पॉलिशने झळकतात. तिथे तंबोरे बनवायचं काम एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी सुरू केलं. तंबोऱ्याचं पोट म्हणजे वाळवलेला कडू भोपळा, आतून पूर्ण पोकळ.

पोकळ कशाला? एक रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच उघड्या डब्यावर चढवून छेडा. आवाज वाढला ना? एकटी तार फारच थोडी हवा हलवते. ती आपल्याखालच्या घोडीला थरथरवते, घोडी पोकळ पोटावरच्या झाकणाला, म्हणजे तबलीला, आणि रुंद तबली भरपूर हवा हलवते. पोकळ गिटार असो की थोटी आणि परधान या आदिवासी जमातींचं किंगरी हे तंतुवाद्य, युक्ती हीच.

मग मोठ्यात मोठं वाद्य घ्यावं का? 1934 मध्ये गिब्सन कंपनीने ‘सुपर 400’ नावाची पोकळ गिटार काढली. रुंदी जवळजवळ 46 सेंटिमीटर! तुम्ही ती मांडीवर घेतलीत, तर मागे फक्त डोळे दिसतील. मिरजेत पुरुषांसाठी मोठा आणि स्त्रियांसाठी लहान तंबोरा करतात, कारण उंच सुराला आखूड तार सोयीची पडते.

तेव्हा गिटार घ्यायला जाल, तर रंगावर भाळू नका. आधी मांडीवर घेऊन बसा. उजवा खांदा कानाकडे चढत असेल, किंवा डाव्या हाताची बोटं टोकाच्या पहिल्या पट्टीपर्यंत ताणावी लागत असतील, तर दुकानदाराला सरळ सांगा, ‘काका, पाऊण साइझची दाखवा.’