गाळा भाड्याचा, पाटी आपली

गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून अनेक छोट्या दुकानदारांनी फुकट वेबसाइट बनवल्या होत्या. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावर येणारं गिऱ्हाईक १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, पुढे तेही थांबलं. ज्यांनी तोच पत्ता कार्डांवर छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली. म्हणून वेबसाइट कशावर बनवायची हे ठरवण्याआधी काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : वर्डप्रेस फुकट, म्हणजे वेबसाइट फुकट.
वस्तुस्थिती : २००३ साली आलेलं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, यांचे पैसे मात्र भरावे लागतात. अपडेट आणि बॅकअपची जबाबदारीही आपलीच असते. विक्स किंवा शॉपिफायसारख्या तयार प्लॅटफॉर्मच्या भाड्यात होस्टिंग येतं आणि सॉफ्टवेअरची देखभाल कंपनी करते. हाताशी जाणकार माणूस नसेल, तर ते भाडं परवडतं.

गैरसमज : नाही पटलं, तर वेबसाइट उचलून दुसरीकडे नेऊ.
वस्तुस्थिती : वर्डप्रेसची साइट फाइली आणि डेटाबेससकट दुसऱ्या होस्टिंगवर हलवता येते. शॉपिफायमधून मालाची यादी काढून घेता येते, पण दुकानाची मांडणी दुसरीकडे नव्याने करावी लागते. विक्सवर बांधलेली साइट तर दुसऱ्या होस्टिंगवर चालतच नाही. मजकूर आणि फोटो मूळ स्वरूपात आपल्याकडे जपून ठेवा.

गैरसमज : पैसे आपण दिले, म्हणजे डोमेन आपलं.
वस्तुस्थिती : डोमेन ज्याच्या नावावर नोंदलेलं, त्याचं. माझ्या ओळखीच्या एक ताई घरगुती मसाले करतात. साइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. वर्ष संपलं, नूतनीकरण राहिलं आणि त्याचा फोन लागेना. कांदा-लसूण मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर तोच पत्ता होता. ताईंनी रात्री बसून एकेका लेबलावर कागदाची पट्टी चिकटवली. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते एका वेळी फार तर १० वर्षांसाठी नोंदवता येतं. त्यामुळे नूतनीकरणाची सूचना आपल्याच ईमेलवर यायला हवी.

गैरसमज : वेबसाइट म्हटली की कार्ट आणि ऑनलाइन पेमेंट हवंच.
वस्तुस्थिती : शिलाईकाम, पिठाची गिरणी, प्लंबिंग अशा धंद्याला पत्ता, वेळ, दरपत्रक आणि व्हॉट्सॲपचं बटण असलेलं एक पान पुरतं. माल बराच असेल, रोज कुरिअर जात असेल आणि शिल्लक मोजावी लागत असेल, तर शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवर दुकान चालवणारं वूकॉमर्स घ्यावं.

गैरसमज : मराठी मजकूर बॅनरच्या चित्रात टाकला की झालं.
वस्तुस्थिती : ‘सांगलीची हळद’ शोधणाऱ्यापर्यंत पोहोचायचं, तर ते शब्द पानावर युनिकोडमध्ये टाइप केलेले हवेत. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला, तर गिऱ्हाइकाला अगम्य अक्षरं दिसतात.

प्लॅटफॉर्म म्हणजे भाड्याचा गाळा. धंदा वाढला की तो बदलावा लागेल, त्यात वावगं काही नाही. पण पाटी आपली हवी. म्हणून पहिला हप्ता देण्याआधी करून देणाऱ्याला शेजारी बसवा आणि डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर नोंदवून घ्या. पासवर्ड घरच्या वहीत लिहा. लेबलं त्यानंतर छापायला द्या.