दोन गुणांनी हुकलं, आता पुढची फेरी

अकरावीची पहिली यादी लागली की शीवमधल्या कितीतरी घरांत त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोलत नाही. हवं ते कॉलेज दोन गुणांनी हुकलेलं असतं. पण पुढची यादी कशी हलते हे समजून घेतलं, तर अजून बरंच आपल्या हातात असतं.

मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन होतात, २०२५ पासून सगळ्या राज्यात. इथे ‘वेटिंग’ची रांग नसते. दर फेरीत संगणक गुणानुक्रमे एकेका मुलाचा अर्ज घेतो, त्याचे पसंतिक्रम वरून खाली तपासतो आणि जिथे जागा मिळेल तिथे नाव लावतो. समजा, एसआयईएस तुमच्या मुलीने तिसरं लिहिलं आणि शेजारच्या मुलाने पहिलं. गुण तिचे जास्त असतील, तर जागेचा विचार आधी तिचाच. म्हणून ‘नंबर वाया जाईल’ या भीतीने आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. मात्र पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा तिथे मनापासून हवं तेच लिहा.

कटऑफ खाली का येतो? कोणी डिप्लोमाला जातं, कोणी मिळालेला प्रवेश घेत नाही, आणि कोट्यातल्या न भरलेल्या जागा परत येतात. पण चांगल्या गुणांची मुलंही थांबलेली असतात, त्यामुळे कधी कटऑफ तसाच राहतो, क्वचित वाढतोही.

आता कागद घ्या. मुलीला ५०० पैकी ४५२ आहेत असं धरा. तीन रकाने आखा : कॉलेज, मागचा कटऑफ, फरक. दोन-चार गुणांनी हुकलेली कॉलेजं वर ठेवा, मग जेमतेम जमणारी, आणि तळाशी नक्की मिळतील अशी दोन-तीन. दहा पसंती देता येतात, त्या सगळ्या भरा. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीचा कोड वेगळा, कटऑफही वेगळा असतो. फी पाहून दोन्ही लिहिता येतात. शीवहून माटुंगा एक स्टेशन, विद्याविहार दोन. रुईया, खालसा, सोमय्या असा पल्ला रोज सहज झेपतो.

दुसरी ते दहावी पसंती लागली तर प्रश्न एकच : हे कॉलेज दोन वर्षं चालेल का? चालणार असेल तर घ्या. प्रवेश पक्का केला की पुढच्या फेऱ्या बंद. थांबलात तर ती जागा दुसऱ्याला जाते, हे पोरीला आधीच समजावून सांगा.

कोट्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. इनहाऊस १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के, आणि अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्के जागा असतात. आपण कशात बसतो ते तपासा.

शेवटचं, कागदपत्रं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर एका फाईलमध्ये आजच लावून ठेवा. यादी लागल्यावर प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस असतात, आणि एका दाखल्यापायी मिळालेली जागा गेली तर ते दुःख दोन गुणांहून फार मोठं असतं.