लंडन कॉलिंग : एका तबकडीच्या किमतीत दोन
‘लंडन कॉलिंग’ हा द क्लॅश या ब्रिटिश पंक रॉक बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम. तो १४ डिसेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत प्रकाशित झाला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. वादकांना चेव यावा म्हणून निर्माता गाय स्टीव्हन्स चक्क खुर्च्या आपटत असे.

पंक म्हणजे मोजके सूर, वेग आणि संताप, ही समजूत या अल्बमने मोडली. रेगे, स्का, रॉकबिली, जॅझ असे सारे त्यात सहज मिसळले. बेकारी, वंशभेद आणि अणुदुर्घटनेची भीती गाण्यांत उतरली.

एकूण गाणी १९, तबकड्या दोन. तरीही तरुण श्रोत्यांना परवडावे म्हणून बँडने किंमत एकाच तबकडीची ठेवायला लावली. अशी आस्था दुर्मीळच. ‘ट्रेन इन व्हेन’ हे गाणे अगदी शेवटी घेतल्याने त्याचे नाव वेष्टनावर छापलेच गेले नाही.

मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये बेस गिटार आपटणारा बँडचा बेसवादक पॉल सिमोनन दिसतो. छायाचित्र धूसर असल्याने छायाचित्रकार पेनी स्मिथ यांचाच त्याला विरोध होता. तो मानला गेला नाही, हे उत्तमच झाले. गुलाबी-हिरव्या अक्षरांची मांडणी एल्विस प्रेस्लीच्या १९५६ मधील पहिल्या अल्बमवरून घेतली आहे.