चाळीतला कांदा

सप्टेंबरात किलोभर कांदा घेताना आपण जो कांदा सडून गेला त्याचेही पैसे देत असतो. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो. खरिपाचा नवा लाल कांदा ऑक्टोबरनंतर येतो. मधले महिने देश चाळीत साठवलेल्या कांद्यावर जगतो. नाशिककडच्या या चाळी जमिनीपासून उचललेल्या आणि फटींच्या असतात, खालून-बाजूंनी वारा खेळावा म्हणून. तरीही कांदा सुकून हलका होतो, सडतो, कोंब धरतो.

समजा, शेतकऱ्याने १५ रुपये किलोचा १०० किलो कांदा ठेवला आणि ३० किलो गेला. उरलेल्या ७० किलोंतून तेच १,५०० रुपये निघायला हवेत, म्हणजे किलोला जवळजवळ साडेएकवीस. यात निवडणीची मजुरी, चाळीचा खर्च, अडकलेले पैसे धरलेलेच नाहीत.

म्हणून भाव चढला की लगेच साठेबाजीची ओरड होते, ती मला अन्यायाची वाटते. भाव रोखण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. नासाडीची जोखीम शेतकऱ्याने पत्करायची, आणि भाव मिळण्याच्या वेळी दार बंद.